गॅरेजमधील घरगुती लाकडी फर्निचरचे पाय आणि जमीन यांचे संरक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाची टेबले, रॅक, कपाटे आणि स्टुले घरीच बनवून गॅरेजमध्ये ठेवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एखाद्या मुद्द्याची चर्चा अन्यत्र झाली असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरातले लाकडी टेबल वर्षानुवर्षे तसेच उभे असते. मग गॅरेजमधल्या टेबलाच्या पायांची वेगळी काळजी कशाला?

घरातली जमीन सहसा कोरडी असते, गॅरेजची नसते. पावसात भिजून आलेल्या गाडीवरून पाणी ठिबकते, दाराच्या फटीतून आत येते, जमीन धुतली की कोपऱ्यात साचते आणि काँक्रीटमधूनही ओल वर येते. या सर्व पाण्याची पहिली गाठ पडते ती पायाच्या खालच्या कापलेल्या टोकाशी, आणि लाकडाची सर्वांत कमकुवत जागा नेमकी तीच असते. झाडात पाणी वर चढते ते उभ्या सूक्ष्म नळ्यांमधून. पाय करवतीने कापला की या नळ्यांची तोंडे तळाशी उघडी पडतात आणि पायाच्या बाजूंच्या तुलनेत तेथून पाणी कितीतरी पट वेगाने शोषले जाते.

हे पडताळून पाहायचे असल्यास पायाचा उरलेला तुकडा शाई मिसळलेल्या बोटभर पाण्यात रात्रभर उभा ठेवावा आणि सकाळी पटाशीने उभा चिरावा. बाहेरून रंग पाण्याच्या पातळीच्या जरासाच वर दिसतो. आत मात्र त्याच्या रेघा बऱ्याच उंच गेलेल्या आढळतात. लाकडातील ओलावा वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिला तर त्याला कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. पुढील बहुतेक सर्व उपायांचा हेतू पायाचे टोक या मर्यादेखाली ठेवणे हाच आहे.

२. माझ्या गॅरेजची काँक्रीटची जमीन कोरडी दिसते. तरीही खालून ओल येत असेल का?

येत असेल. काँक्रीट सच्छिद्र असते आणि त्याखाली प्लास्टिकचा ओलरोधक थर घातलेला नसल्यास मातीतील ओलावा बाष्परूपाने सतत वर येत राहतो. उघड्या जमिनीवरून तो हवेत निघून जातो, म्हणून दिसत नाही. त्यावर पाय, पुठ्ठा किंवा चटई ठेवली की तेथे अडकतो.

तपासणी सोपी आहे. सुमारे ४५ सेंमी लांबी-रुंदीचा पारदर्शक जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट बसवावा आणि किमान १६ तास तसाच ठेवावा. थेट ऊन पडणारी जागा टाळावी. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले किंवा काँक्रीट गडद झाले तर ओल जमिनीतून येत आहे. थेंब वरच्या बाजूला जमले तर मात्र दमट हवा थंड जमिनीवर निवत आहे, आणि त्यावर खेळती हवा हाच खरा इलाज आहे. जमिनीवर जागोजागी पांढरा लोणा फुटलेला दिसत असेल तर काँक्रीटमधून पाण्याची ये-जा होत आहे असे समजावे.

नव्याने ओतलेल्या काँक्रीटबाबत विशेष सावध राहावे. त्याची मजबुती २८ दिवसांच्या हिशेबाने मोजली जाते, पण ते वाळायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. दर २५ मिमी जाडीला साधारण एक महिना हा ढोबळ अंदाज धरल्यास १०० मिमी जाडीच्या जमिनीला चार महिने सहज लागतात.

३. पायाच्या टोकाला काय लावावे : रंग, व्हार्निश, तेल की इपॉक्सी?

टोक बंद करण्यासाठी पातळ आणि सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारी राळ) सर्वांत भरवशाचे आहे. पाच मिनिटांत कडक होणारे इपॉक्सी येथे उपयोगाचे नाही, कारण ते लाकडात मुरण्यापूर्वीच घट्ट होते आणि पाण्यापुढे तुलनेने कमी टिकते.

प्रथम लाकूड पूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी. ओले टोक बंद केल्यास ओल आतच कोंडली जाते. मग टोकाच्या चारही कडा कानशीने सुमारे ३ मिमी तिरप्या घासाव्यात, म्हणजे टेबल ओढताना लाकडाच्या सळ्या निघणार नाहीत. टेबल उलटे करून टोकांवर ब्रशने इपॉक्सी लावावे. पहिला हात काही मिनिटांत शोषला जाऊन पृष्ठभाग पुन्हा कोरडा दिसू लागतो. अशा वेळी लगेच दुसरा आणि गरज पडल्यास तिसरा हात द्यावा, आणि टोक एकसारखे चकचकीत राहीपर्यंत थांबू नये. पायाच्या बाजूंवरही ५ ते ८ सेंमी उंचीपर्यंत इपॉक्सी चढवावे. लावण्याआधी लाकूड थोडे ऊबदार केल्यास ते निवताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सी खोलवर ओढले जाते. उन्हाने इपॉक्सी खराब होते. म्हणून दाराजवळच्या पायांवर वरून रंगाचा हात द्यावा.

तैलरंग किंवा पॉलियुरेथेन व्हार्निशही चालते, पण तीन-चार हात लागतात आणि ओढाताणीत कडेचा थर उडाला की संरक्षण संपते. पांढरा लाकडी गोंद पाणी घालून लावण्याची पद्धत बरीच दिसते. सतत ओल असेल तर तो मऊ पडतो, त्यामुळे या कामासाठी तो मी सुचवत नाही. जवसाच्या तेलाने पाण्याचा वेग कमी होतो, पाणी थांबत नाही, आणि कच्च्या तेलावर दमट जागी बुरशीही धरते. ज्यांना तेलच वापरायचे आहे त्यांनी एक गोष्ट विसरू नये : तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या जागी सपाट पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

४. टोक बंद केल्यावर पाय थेट जमिनीवर ठेवला तर चालेल का? खाली काही द्यायचे असल्यास काय द्यावे?

थेट ठेवू नये. कोणताही लेप आज ना उद्या घासला जातो. पाय आणि जमीन यांतील अंतर मात्र घासले जात नाही. दोन्हींपैकी एकच करणे शक्य असेल तर मी लेप सोडून देईन आणि पाय उचलीन. १० ते १५ मिमी अंतर सांडलेल्या पाण्यासाठी पुरेसे असते.

त्यासाठी सर्वांत चांगला साहित्यप्रकार म्हणजे कडक पॉलिथिन. भाजी कापण्याचे जाड प्लास्टिकचे पाट याच जातीचे असतात, आणि जुन्या पाटाचे तुकडे फुकटात उत्तम टेकणी होतात. हे प्लास्टिक पाणी शोषत नाही, कुजत नाही, जमिनीवर डाग पाडत नाही आणि टेबल सरकवताना सहज घसरते. टेकण पायाच्या मापापेक्षा सर्व बाजूंनी २-३ मिमी लहान कापावे, म्हणजे पायावरून ओघळणारे पाणी त्याच्या काठावर न साचता खाली पडते. पॉलिथिनला गोंद धरत नाही, म्हणून ते स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने बसवावे. स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या बरेच आत जाईल असा खड्डा करावा, नाहीतर टेकण झिजल्यावर तेच डोके जमीन ओरबाडते. स्क्रूच्या भोकातही इपॉक्सीचा थेंब सोडावा.

खुर्च्यांखाली लावतात तो नमदा गॅरेजमध्ये वापरू नये. तो पाणी धरून ठेवतो, त्यात वाळूचे कण आणि लोखंडाचा कीस रुततो आणि जमिनीला वाचवण्याऐवजी तोच तिला पॉलिश पेपरसारखा घासतो. साध्या लोखंडी पट्ट्या गंजतात (प्रश्न १५ पाहावा). टेबल जागचे हलू नये अशी अपेक्षा असेल तर रबर योग्य, पण त्याच्या डागांविषयी प्रश्न ८ आधी वाचावा.

५. पायांना प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या किंवा प्लास्टिक गुंडाळले तर सगळेच सोपे होणार नाही का?

दिसायला सोपे होईल, पण पाय लवकर कुजेल. टोपी आणि लाकूड यांमध्ये फट राहतेच. जमीन धुताना किंवा टेबलावर काही सांडल्यावर पाणी वरून त्या फटीत उतरते आणि टोक अक्षरशः वाटीत उभे राहते. प्लास्टिक गुंडाळल्यास ही वाटी अधिकच खोल होते. टोपी वापरायचीच असेल तर टोक आधी प्रश्न ३ प्रमाणे बंद करावे, टोपीच्या तळाला ६-८ मिमीचे भोक पाडावे आणि वर्षातून एकदा ती काढून आत पाहावे.

६. जमिनीला दाराकडे उतार आहे आणि टेबल डुगडुगते. पायाखाली लाकडी पाचर दिली तर चालेल का?

उतार हा दोष नसून पाणी बाहेर जाण्यासाठी तो मुद्दाम दिलेला असतो. मीटरमागे १ ते २ सेंमी उतार असेल तर ६० सेंमी खोलीच्या टेबलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत ६ ते १२ मिमीचा फरक पडतो. पातळ लाकडी पाचर सर्वांत आधी पाणी पिते आणि चेपून सैल होते, म्हणून ती फार तर तात्पुरती असावी. प्लास्टिकच्या पाचरी टिकतात. टेबलाची जागा कायमची ठरलेली असेल तर पाय उताराच्या मापाने कमी-जास्त कापणे हा स्वच्छ मार्ग आहे. जागा बदलणार असेल तर स्क्रूने उंची बदलता येणारे टेकण, म्हणजेच लेव्हलिंग फूट, बसवावे.

७. लेव्हलिंग फूट बसवताना पाय फुटतो, किंवा नट सैल होऊन बोल्टसकट बाहेर येतो. काय चुकते?

कापलेल्या टोकात खिळे, दाते आणि आटे यांची पकड मुळातच कमी असते. दात्यांचा नट (आट्यांची नळी आणि तिच्या टोकाला दाते असलेली चकती) हातोडीने ठोकला की ते दाते पाचरीसारखे काम करतात आणि पाय शिरांच्या रेषेत चिरतो. त्याऐवजी नटाच्या नळीच्या मापाचे भोक पायाच्या बरोबर मध्यभागी घ्यावे, बोल्ट पूर्ण आत गेल्यावरही तळाशी मोकळी जागा राहील इतके ते खोल करावे, भोकाच्या आतील भिंतींना इपॉक्सी लावावे आणि ते सुकल्यावर नट घट्टसर इपॉक्सीने चिकटवून क्लॅम्पने दाबून बसवावा. चिकटवताना बोल्टच्या आट्यांना मेण लावावे, नाहीतर बोल्टही कायमचा चिकटतो.

भार खालच्या दिशेने येत असल्यामुळे खरे वजन नटाची चकती पेलते. पकड लागते ती टेबल उचलताना फूट गळून पडू नये एवढ्यापुरतीच. साध्या टेबलाला ८ मिमीचा आणि जड कामाच्या टेबलाला १० किंवा १२ मिमीचा बोल्ट घ्यावा. उंची ठरल्यावर दुसरा नट वर कसून बोल्ट जागच्या जागी बांधावा. पाय ४० मिमीपेक्षा बारीक असेल तर टोकात भोक घेण्याच्या भानगडीत न पडता, बाजूला स्क्रूने बसणारी काटकोनी पट्टी आणि तिच्यात फूट अशी रचना करावी.

८. इपॉक्सी रंगाच्या जमिनीवर रबरी टेकणांचे पिवळट-तपकिरी डाग पडले आहेत. ते घासूनही का निघत नाहीत?

कारण ते वर बसलेले नसतात. रबर टिकावे म्हणून त्यात घातलेली काही रसायने सावकाश बाहेर येतात आणि जमिनीच्या लेपात शिरून त्याचा रंग बदलतात. विनाइलच्या जमिनीवरही हेच घडते. मऊ पीव्हीसीमधील तेलकट द्रव्ये अशाच रीतीने रंग किंवा व्हार्निश चिकट करतात. असे डाग घालवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे तो भाग घासून पुन्हा रंगवणे, आणि बहुतेकांना ते टेबलाखाली झाकून ठेवणेच परवडते.

पुढे डाग पडू नयेत यासाठी रबर आणि जमीन यांमध्ये कडक पॉलिथिनचा तुकडा ठेवावा किंवा पॉलियुरेथेनची टेकणी वापरावीत. नव्या लेपावर घाई करू नये. चालण्याइतका तो एका दिवसात वाळतो, पण पूर्ण कडक व्हायला अनेकदा सुमारे आठवडा लागतो. डब्यावरील मुदत संपण्यापूर्वी जड टेबल ठेवल्यास पायांचे ठसे कायमचे उमटतात.

९. टेबलावर जड सामान आहे. त्या वजनाने जमीनच फुटणार नाही ना?

नुसती काँक्रीटची जमीन फुटत नाही. सामानासह २०० किलोचे टेबल घेतले तर प्रत्येक पायावर ५० किलो येतात. ४० मिमी व्यासाच्या टेकणाचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस सेंमी असल्यामुळे दाब होतो दर चौरस सेंमीला ४ किलो. अगदी साधे काँक्रीटही याच्या कितीतरी पट दाब सोसते. हेच टेबल १० मिमीच्या उघड्या बोल्टच्या टोकावर उभे केले तर दाब दर चौरस सेंमीला ६० किलोंच्या वर जातो. तरीही काँक्रीट तगते, पण त्यावरचा लेप चेपतो आणि टाइल तडकू शकते.

टाइलच्या जमिनीवर टेकणाची जागा ठरवण्यापूर्वी नाण्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास खाली सिमेंटचा आधार नाही असे समजून पाय दुसऱ्या टाइलवर घ्यावा, किंवा दोन-तीन टाइल्सवर पसरेल अशी जाड फळी प्लास्टिकच्या टेकणांवर द्यावी. टाइल्सच्या सांध्यावर पाय ठेवू नये. मोकळ्या ठोकळ्यांच्या फरसबंदीवर प्रत्येक पायाखाली रुंद पट्टी घालावी. मातीच्या जमिनीवर सपाट दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा, त्यावर प्लास्टिकचा तुकडा आणि मग पाय, हा क्रम बदलू नये.

१०. टेबलाला चाके लावायची आहेत. कोणती घ्यावीत?

टेबल आणि त्यावरील सामान यांच्या एकूण वजनाला चारने नव्हे, तीनने भागावे आणि तेवढा भार पेलणारी चाके घ्यावीत. खडबडीत जमिनीवर एक चाक बहुधा अधांतरीच असते. पॉलियुरेथेनची चाके डाग पाडत नाहीत. काळे रबर ओरखडे उमटवते, आणि लोखंडी किंवा कडक नायलॉनच्या चाकाखाली सापडलेला खडा लेपावर रेघ ओढत जातो. रंधा मारण्याच्या टेबलाला नुसत्या ब्रेकच्या चाकांवर उभे ठेवू नये. काम करताना टेबल पायांवर टेकेल आणि हलवताना चाके खाली येतील अशी रचना करावी. चाकामुळे पाय आपोआप उचलला जातो हे खरे, पण पत्र्याच्या बैठकीखाली टोक प्रश्न ३ प्रमाणे बंद केलेले असावेच.

११. रंधा मारताना टेबल सरकते आणि ग्राइंडर चालू असताना थरथरते. जमिनीला बोल्टने जखडू का?

शक्यतो नको. बोल्टसाठी पाडलेले भोक ओलीला नवी वाट देते, लेप तेथून सुटतो आणि जागा बदलली की खड्डा उरतो. टेबलाच्या मागच्या बाजूला दोन काटकोनी पट्ट्या लावून ते भिंतीला बांधावे. जमीन वाचते आणि धक्काही भिंत घेते. भिंत जवळ नसल्यास खालच्या कप्प्यात वजन ठेवावे आणि पायांखाली रबर द्यावे. थरथरीसाठी गादी यंत्राखाली घालावी. सर्वच पायांखाली मऊ गादी दिल्यास टेबल झुलू लागते.

१२. पाय औषधी प्रक्रिया केलेल्या लाकडाचे आहेत. मग वरील खटाटोप हवा का?

कमी हवा, पण हवा. औषध सहसा बाहेरच्या थरात मुरते. आपण पाय मापाने कापतो तेव्हा आतला कोरा भाग उघडा पडतो. त्या कापावर टोकांसाठीचे संरक्षक द्रव्य पुन्हा लावावे. तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया असलेल्या लाकडात साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात; जाड जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नये आणि तुकडे जाळू नयेत. सागाचा गाभा औषधाशिवायही कुजीला दाद देत नाही. पाइन आणि रबरवुड यांना मात्र पूर्ण संरक्षण लागते.

१३. प्लायवूड किंवा एमडीएफचे पाय असतील तर?

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड एकदा फुगले की वाळल्यावरही मूळ मापाला येत नाहीत, म्हणून जमिनीपासूनचे शेवटचे १० सेंमी तरी अस्सल लाकडाचे किंवा धातूचे करावेत. प्लायवूडच्या सर्व उघड्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात.

१४. पायाचे टोक आधीच मऊ पडले आहे. सगळा पाय बदलावा लागेल का?

बहुधा नाही. टोच्याने खालून वर टोचत जावे. टोच्या जेथे सहज रुततो तेथवर कूज आहे. ती संपते तेथून आणखी ५ सेंमी वर, घट्ट लाकडात काप घ्यावा. काढलेला भाग १० सेंमीच्या आत असेल तर तेवढ्या उंचीचा नवा ठोकळा खालून स्क्रूने बसवावा. तो पुढे पुन्हा खराब झाल्यास सहज बदलता येतो. काप त्याहून उंच गेल्यास अर्धा-अर्धा कापून जोड द्यावा आणि तो इपॉक्सी व बोल्टने बांधावा. नुसती भरणी करू नये, कारण भरणीखाली ओली कूज उरते. पायावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी आहे. तेव्हा पायाआधी जमिनीवर आणि भिंतीवर औषधोपचार करून घ्यावा. वाळवीसाठीही पाय उचललेला असणे उपयोगी पडते, कारण फट उघडी असली की नळी लगेच नजरेस येते.

१५. लोखंडी टेकणांमुळे काँक्रीटवर गंजाचे डाग पडले आहेत. ते कसे काढावेत?

ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण काही मिनिटे ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. हे आम्ल विषारी आहे, त्यामुळे हातमोजे आणि चश्मा लागतोच. संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये. ते काँक्रीटच खाते. इपॉक्सीच्या लेपावर आधी कोपऱ्यात करून पाहावे.

१६. दर पावसाळ्यात गॅरेजमध्ये घोट्याइतके पाणी शिरते. अशा ठिकाणी काय करावे?

येथे लेप आणि १५ मिमीची टेकणी पुरत नाहीत. पाणी जेथवर येते त्याच्या वर किमान ५ सेंमी जातील असे काँक्रीटचे ठोकळे किंवा जस्तलेप दिलेले पोलादी पाय खाली द्यावेत आणि लाकूड तेथून सुरू करावे. ठोकळ्याचा माथा किंचित उतरता ठेवावा आणि त्यावर प्रश्न ४ मधील टेकण द्यावे.

याहून चांगला पर्याय म्हणजे जमिनीवरचे पायच काढून टाकणे. भिंत भक्कम असेल तर मागची आडवी पट्टी भिंतीला बोल्टने बांधावी आणि पुढच्या कडेला ४५ अंशांचे तिरके टेकू भिंतीतूनच द्यावेत. हलक्या कामाच्या ५०-६० सेंमी खोलीच्या टेबलाला हे पुरते आणि खालची जमीन झाडूने सरळ साफ करता येते. शिकंजा किंवा जड यंत्र बसवायचे असेल तर मात्र ठोकळ्यावरचे पायच ठेवावेत. पोकळ विटांच्या भिंतीवर ही रचना करण्यापूर्वी बोल्ट कोणत्या भागात जातो हे तपासावे. पोकळीत गेलेला बोल्ट रिकाम्या टेबलाखाली तग धरतो आणि पहिल्याच जड ओझ्याला सुटतो.